खुणेचा दगड

बाबा ती गोष्ट सांगायला लागले की मला तिथं बसवत नसे. पाहुणे बसलेले असत, चहा झालेला असे, कुणीतरी सहज विचारायचं, ‘गुरुजी, तुम्ही म्हणे समुद्र पाहून आले?’ आणि बाबा मांडी बदलून बसायचे. मी उठून आत जायचे. आत गेले तरी कान बाहेरच. आज सांगतील, आज नक्की सांगून टाकतील, असं वाटून हातातली कपबशी पुन्हा पुन्हा विसळायचे. हे वर्षानुवर्षं चाललं.

मी मुळातच भित्री. पालीला भिते, विजेला भिते, बस वळणावर कलली की समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरते. पण असली भीती येते आणि जाते. बाबांच्या गोष्टीची भीती घरातच राहायला होती.

आम्ही पांढुर्ण्याचे. बाबा तिगावकडच्या एका खेड्यात मराठी शाळेत मास्तर होते आणि भूगोल हा त्यांचा जीव की प्राण. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीतला पहिला मास्तर म्हणजे बाबा. दुसऱ्या कुणी मास्तरानं फळ्यावर चुकीचं लिहिलं तर पुसून पुन्हा लिहायचं, एवढंच. बाबांचं चुकलं असतं तर लोकांनी एकमेकांकडे बघून मान हलवली असती, ‘तरी म्हटलं.’ ती मान हलू नये म्हणून बाबा प्रत्येक धडा तीनदा वाचून वर्गात जात. तीस वर्षं त्यांनी खाडी, आखात, द्वीपकल्प, भरती, ओहोटी हे सगळं शिकवलं. समुद्र मात्र त्यांनी पाहिलेला नव्हता. समुद्र आमच्यापासून कुठल्याही बाजूनं निघा, दोन दिवसांवर.

पाणी म्हणून आम्हाला ठाऊक होती ती जाम नदी. आमच्या नदीत पाण्यापेक्षा दगड जास्त, हे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांची माणसं एकमेकांवर दगड फेकतात तेव्हा सगळ्या जगाला कळतं. पण पावसाळ्यात ती दगा देते. पांढुर्ण्यात लख्ख ऊन असतं, वर कुठंतरी डोंगरात पाऊस पडतो, आणि इथं कोरड्या पात्रात उभ्या माणसाला पूर गाठतो. म्हणून आमच्याकडे लहानपणीच शिकवतात की पात्रात उतरलं की तोंड वरच्या अंगाला ठेवायचं, कारण पूर तिकडूनच येतो. पाण्याच्या कडेला एक दगड ठेवायचा. दगड भिजला की उठायचं. आणि पाण्याचा रंग बघायचा. पूर गुपचूप येत नाही, आधी गढूळ पाणी येतं, काडीकचरा येतो, मग तो येतो. शेवटचं म्हणजे पाण्यात शिरलंच तर एकमेकांचा हात सोडायचा नाही. एकाचा पाय सुटला तर दुसऱ्याच्या पायावर दोघं उभे राहतात. हे मला बाबांनीच शिकवलं होतं, माझं बोट धरून, जामच्या पात्रात.

ऐंशीच्या दशकातल्या एका दिवाळीच्या सुट्टीत आमच्या भागातल्या मास्तर लोकांनी मिळून बस केली. बायकामुलं, रॉकेलचे स्टोव्ह, तांदळाची पोती, सगळं घेऊन सोमनाथ आणि द्वारका. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, बारावी होऊन घरी बसलेली. आईचे गुडघे दुखायचे, तिनं साफ सांगितलं, ‘तुमी बापलेक जा, मले त्या खटाऱ्यात हाडं मोडून घ्याची नाहीत.’ सोमनाथला सगळे दर्शनाच्या रांगेत गेले. आम्हाला रांग नव्हती. आम्ही मागच्या बाजूला कठड्याशी उभे राहिलो. तिन्हीसांज उलटून अंधार पडला होता, समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. मला तो आवाज ऐकून घाम फुटला. आमच्याकडे असा आवाज झाला की पात्रातनं बाहेर पळतात. इथं तो थांबतच नव्हता, म्हणजे पूर येतोय, येतोय, येतच राहिलाय.

‘बाबा, चला नं,’ मी म्हटलं.

‘अवं, आवाज आहे तो. आवाजानं कोणी बुडते का?’ बाबा म्हणाले. पण त्यांनीही कठडा धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस दीवला निघाली. दीव आमच्या यादीत नव्हतं. पण गुजरातेत दारूबंदी आणि दीवला नाही, ही माहिती ड्रायव्हरनं पुरवल्यापासून बऱ्याच मास्तरांना एकाएकी पोर्तुगिजांच्या इतिहासाची गोडी लागली होती. बाबांना वेगळंच सुख झालं. दीव म्हणजे बेट! त्यांनी खिशातला कागद काढून मला आकृती काढून दाखवली, संत्र्याच्या फोडीसारखं लांबट बेट, एका टोकाला दीव गाव, दुसऱ्या टोकाला वणाकबारा, मध्ये खाडी आणि पलीकडे जमीन. खाडी ओलांडली तेव्हा ते मला हळूच म्हणाले, ‘आता आपल्या चारी बाजूनं पानी आहे.’ त्यांना ते सांगताना केवढा आनंद झाला होता. मला चारी बाजू मोजून घाबरायला झालं.

दीव गाव मात्र मला आवडलं. अरुंद गल्ल्या, रंगवलेली घरं, नक्षीचे सज्जे, मोठी पांढरी चर्चं आणि त्यांच्यासमोर उन्हात वाळत घातलेली मासळी. गावाला तट, तटाला लाल दरवाजा. खाडीच्या तोंडाशी पाण्यातच एक लहान किल्ला उभा होता, नावेसारखा. तिथं कैदी ठेवत, असं कुणीतरी सांगितलं. चारी बाजूंनी पाणी असलेल्या बेटावर चारी बाजूंनी पाणी असलेला तुरुंग. ते ऐकल्यावर मी त्या बाजूला पाहिलंच नाही.

मोठ्या किल्ल्यावर बाबांचा दिवस उजाडला. गंजलेल्या तोफा, पडलेल्या भिंती, दगडात कोरलेली न कळणारी अक्षरं. चारशेहून जास्त वर्षं पोर्तुगिजांनी हा किल्ला धरून ठेवला, सुलतान आले, तुर्क आले, कुणाला घेता आला नाही, हे बाबांनी पुस्तकातनं पाठ करून ठेवलं होतं. मग खंदकापाशी आले. खंदकाच्या भिंतीवर माणसाच्या उंचीच्या वर एक हिरवट ओली रेघ होती आणि पाणी कितीतरी खाली. बाबांनी सगळ्यांना हाक मारली. ‘हे पाहा. आत्ता ओहोटी चालू आहे. भरती आली की पानी या रेघेपर्यंत चढते. चंद्राच्या ओढीनं. सहा घंटे खाली जाते, सहा घंटे वर येते.’ पंधरा-वीस मास्तर ऐकत होते. त्यांच्यातले एक वयस्क हेडमास्तर, जे बाबांच्या हातचं पाणी कधी प्यायले नव्हते, ते म्हणाले, ‘गुरुजी, पुस्तक वाचल्यावाणी सांगता तुम्ही.’ बाबांचा चेहरा मी विसरले नाही. पोरगं वर्गात पहिलं आल्यावर त्याचा होतो तसा.

तिथून बस नागव्याच्या किनाऱ्यावर आली. अर्धगोल वाळू, मागे फांद्या फुटलेली ताडाची झाडं. असलं ताड आम्ही कुणी पाहिलं नव्हतं, ताडाला कधी फांदी फुटते का? माणसं फारशी नव्हती. सार्वजनिक किनारा, कुणीही या, कुणीही बसा. बायकांनी स्टोव्ह पेटवले, पुरुष इतिहासाच्या अभ्यासाला गेले. जेवणं झाली. बाबा अशा अभ्यासाला जात नसत. ते कापडी पिशवी घेऊन उठले. शाळेसाठी शिंपले न्यायचे होते.

वाळू संपते त्या टोकाला एक रुंद घळ होती, वीसेक पावलांची, आणि घळीपलीकडे समुद्रात शिरलेला काळा सपाट खडक. घळीत ओली वाळू, घोट्याएवढ्या पाण्याची एखादी धार. हुबेहूब उन्हाळ्यातलं जामचं पात्र. बाबांनी धोतर खोचलं आणि सरळ उतरले, घरच्यासारखे. मीही उतरले, कारण एकटी मागे राहायला जास्त भीती वाटत होती.

खडकावर जागोजाग डबकी, डबक्यांत खेकडे, गोगलगाई, केसांसारखं शेवाळ. बाबा लहान झाले. ‘हे पाह्य, ते पाह्य,’ करत पिशवी भरत होते. मी म्हणत होते, ‘बाबा, चला. मले भेव वाटून राहिलं.’ तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ते समजुतीनं माझ्याजवळ आले. खडकाच्या समुद्राकडच्या कडेला, पाण्याचे शिंतोडे येत होते तिथून हातभर अलीकडे, त्यांनी एक गोटा ठेवला.

‘हा भिजला की उठाचं. तोवर बस इथं, पान्याकडे तोंड करून. अन् रंग पाह्य पान्याचा. कसं साफ आहे! गढूळ झालं की सांग मले.’

मी बसले. समुद्राकडे तोंड करून, गोट्यावर डोळा ठेवून. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. काडी नाही, कचरा नाही. गोटा कोरडा. मला थोडा धीर आला, आणि आयुष्यात एकदाच मला वाटलं की आपण उगाच भितो.

किती वेळ गेला सांगता येत नाही. किनाऱ्याकडून हाक आली. एक कोळीण, डोक्यावर पाटी, हात हलवून ओरडत होती. मघाशी ती आमच्याच खडकावर कालवं काढत होती, केव्हा गेली कळलंही नव्हतं. बाबा म्हणाले, ‘इकत घ्या म्हणत असन.’ आणि त्यांनी हात हलवून नको म्हणून सांगितलं. ती आणखी जोरात ओरडली. म्हणून मी मागे वळले.

घळ नव्हती. जिथून आम्ही चालत आलो तिथं हिरवं पाणी होतं, कडेपासून कडेपर्यंत, आणि ते हलत होतं. आम्ही ज्याला किनाऱ्याचा भाग समजत होतो तो खडक आता पाण्यात उभा होता. मी पुन्हा गोट्याकडे पाहिलं. गोटा कोरडाच होता. खडक उंच होता आणि घळ खोल, पाणी आधी घळीतच भरणार, हे आता कुणीही सांगेल. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की पूर पाठीमागून आला होता, न सांगता, स्वच्छ पाण्यानं.

मी बाबांकडे पाहिलं आणि तेव्हा खरी घाबरले. बाबा त्या पाण्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते तास मोजत होते. सकाळी किल्ल्यावर ओहोटी, मग बस, मग जेवण. मोजून झालं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. मला पोहता येत नव्हतं. त्यांनाही येत नव्हतं. आमच्या नदीत पोहायला शिकणार कुठं?

‘उतराच लागन,’ ते म्हणाले. ‘थांबलो तर आणखी चढन. हात दे.’

त्यांनी डाव्या हातानं माझा उजवा हात धरला. उजव्या हातात पिशवी. ती टाका म्हटलं तर त्यांना ऐकू गेलं नाही. पाणी मांडीला लागलं, कमरेला लागलं. वाळू पायाखालून सरकत होती, जणू कुणी चादर ओढतंय. मध्यावर छातीपर्यंत आलं आणि तेवढ्यात समुद्राच्या बाजूनं एक फुगारा आला. लाट म्हणावी एवढाही तो नव्हता. पाणी नुसतं वर उचललं गेलं, माझे पाय सुटले आणि मी किनाऱ्याकडच्या काठाला ढकलले गेले. नाकातोंडात खारट पाणी गेलं. डाव्या हाताला काहीतरी खरबरीत लागलं, त्या काठाच्या खडकाची कड. उजव्या हाताला बाबा होते आणि ते मला खाली ओढत होते, कारण त्यांचेही पाय सुटले होते.

मी हात सोडला.

तो सुटला नाही, मी सोडला. बोटं उघडली ती मी उघडली, एकेक करून नाही, एकदम. मला ते त्या क्षणीही माहीत होतं. दोन्ही हातांनी खडक धरला आणि वर चढले. गुडघे सोलले, नखं तुटली. वर येऊन मागे पाहिलं तर पाण्यावर फक्त कापडी पिशवी तरंगत होती.

कोळीण पाटी फेकून पाण्यात शिरली होती. पाणी बाबांना तिच्याच दिशेनं नेत होतं, हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती धावत आली नाही, जाऊन उभी राहिली. बाबांचं डोकं वर आलं तसं तिनं सदऱ्याची कॉलर धरली आणि बैलाला गोठ्यात ओढावं तसं त्यांना वाळूवर ओढलं. मग कमरेवर हात ठेवून ती त्यांना आपल्या भाषेत जी बोलली, ती बराच वेळ बोलली. बाबा पाणी ओकत होते आणि मधेमधे म्हणत होते, ‘हाव बाई. हाव.’

मी धावत गेले, पण तीन पावलांवर थांबले. जवळ जायची हिंमत होईना. बाबा मान वर करून माझ्याकडे बघत होते. आता म्हणतील, असं वाटलं. तेवढ्यात बसमधली माणसं पोचली, पुढे ते हेडमास्तर. ‘काय झालं गुरुजी? काय झालं?’

बाबांनी तोंड पुसलं.

‘मोठी लाट आली,’ ते म्हणाले. ‘एकाएकी. पोरीनं हात नाही सोडला माह्या, म्हणून वाचलो.’

कुणीतरी माझ्या अंगावर चादर टाकली. कुणीतरी म्हणालं, वाघीण आहे पोरगी.

तेव्हापासून ती गोष्ट अशीच झाली. पांढुर्ण्यात, तिगावच्या स्टेशनवर पॅसेंजरची वाट बघताना, लग्नाच्या पंगतीत. बाबा सांगत, मोठी लाट, आणि मग हात. प्रत्येक वेळी लाट थोडी वाढायची. लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे आणि मला वाटायचं, यांना कळलंय. बाबांना बुडताना समजलंच नसेल का? की समजलंय, आणि ते माझी वाट बघतायत? रागावले असते तर बरं झालं असतं. मला बघायला सौंसरची मंडळी आली तेव्हाही बाबांनी तीच गोष्ट सांगितली, ‘समुद्रात बापाचा हात नाही सोडला, असी पोरगी आहे.’ सासरे तिथंच हो म्हणाले. मी चहाचा ट्रे धरून उभी होते आणि मला वाटत होतं, आता बाबा पुढचं वाक्य बोलतील आणि सगळं मोडेल. ते बोलले नाहीत. मी सौंसरला आले, संसार केला, मुलं झाली, आणि सणावाराला माहेरी गेले की पुन्हा तीच भीती.

शाळेत मात्र, हे मला आईनं सांगितलं, भरतीओहोटीचा धडा आला की बाबा उरलेली सगळी वर्षं म्हणायचे, ‘हा तुमी घरून वाचून या.’

शेवटी एका उन्हाळ्यात मी विचारलं. बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, अंथरुणाला नव्हते पण अंगणाबाहेर जात नसत. आई झोपली होती. आम्ही दोघं संत्री सोलत बसलो होतो. मला इतकी भीती वाटत होती की संत्र्याचा रस मनगटापर्यंत ओघळला तरी मी सोलतच होते.

‘बाबा, त्या वेळी मी हात सोडला होता.’

‘मले माहीत आहे,’ बाबा म्हणाले. त्यांनी एक फोड तोंडात टाकली, बी काढून बशीत ठेवली. ‘बोटं उघडली त समजते नं.’

‘मंग तुमी इतकी वर्षं...’

‘लाट होती का?’ त्यांनी विचारलं.

‘नाही.’

‘सांगतलं का तू कोणाले, की सकाळी साऱ्यायले भरती शिकवणारा मास्तर दुपारी भरतीत सापडला?’

‘नाही.’

‘मंग झालं.’ त्यांनी दुसरं संत्रं उचललं. ते सोलत, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘गोटा तं कोरडाच होता नं? पाह्यलं होतं तू?’

‘कोरडाच होता, बाबा.’

‘हाव. मलेही कोरडाच दिसला.’

बाबा गेले तेव्हा पुण्यानुमोदनाला, त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, वस्तीबाहेरचेही पुष्कळ लोक आले. ते हेडमास्तर, आता पार वाकलेले, नातवाचा खांदा धरून आले. त्यांनीच उभं राहून ती गोष्ट सांगितली, मोठी लाट आणि मग हात, आणि म्हणाले, आता मुलीनं दोन शब्द बोलावेत. सगळी माणसं माझ्याकडे बघत होती आणि घळीतलं ते हिरवं पाणी मला छातीपर्यंत जाणवत होतं. समोर बाबांचा फोटो. हाताबद्दल खरं सांगावं, असं ओठांवर आलं होतं. पण एक खरं निघालं की दुसरं, भरतीचं, त्याच्या मागं निघणार, आणि पहिल्याच रांगेत ते हेडमास्तर बसले होते, ‘तरी म्हटलं’ म्हणायला मान तयार ठेवून, असं मला वाटलं. कदाचित ती म्हातारपणानंच हलत असेल.

‘लाट खूप मोठी होती,’ मी म्हणाले. ‘एवढी मोठी लाट कुणालाच ओळखता आली नसती.’

आणि बसले. हाताबद्दल मी काही बोलले नाही. मागच्या रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, ‘बापावरच गेली आहे. स्वतःचं मोठेपण सांगत नाही.’